पुढे मुली म्हणतात

परवा आमच्या घरात पुन्हा तो वाद निघाला. नातवाला पंतोजींकडे घालायचं ठरलं, मुहूर्त काढला, धूळपाटी आली, आणि पाटीवरच्या धुळीत त्याच्याआधी त्याच्या बहिणीनेच बोट फिरवलं. मुलगा कौतुकाने म्हणाला, "हिलाही बसवायची का त्याच्याबरोबर?" झालं. पानं उठेपर्यंत बोलणं पुरलं. बसवावी, बसवू नये, बसवलीच तर वेगळी बसवावी, वेगळी बसवायची तर शिकवणार कोण. मला कोणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी मी काही बोलले नसते. या वादात कोण काय म्हणतं ते मला तोंडपाठ आहे. माझ्या लहानपणापासून त्यात एका शब्दाची भर पडलेली नाही. मी आपली वाती वळत बसले होते आणि मला केसोपंत आठवत होते.

केसोपंत आमच्या कसब्यातल्या आळीचे पंतोजी. आळीच्या टोकाला मारुतीचं देऊळ होतं, त्याला लागून लांबट ओवरी. ओवरीच्या पुढच्या भागात शाळा भरायची आणि मागच्या खोलीत त्यांचं बिऱ्हाड होतं. उंच, हडकुळा माणूस, आवाज बसका, अंगावर बारा महिने एकच घोंगडी. त्यांच्याकडे छडी होती, पण ती ते पाठ खाजवायला वापरत. एखाद्या मुलाचे वडील येऊन म्हणत, "पंतोजी, जरा धाक दाखवा." मग ते छडी उचलून त्या मुलाला दाखवत आणि पुन्हा पाठीमागे नेत.

हा माणूस कायम दमलेला असे. सकाळी शाळा भरतानाही दमलेला. शेजारच्या कोणी विचारलं, "काय पंतोजी, झोप झाली नाही का?" तर म्हणत, "झाली ना. तिचाच शीण आहे."

आणि त्यांचा एक शब्द होता, "पुढे?" पाढ्यांची उजळणी म्हणताना कोणी अडलं की "पुढे?" वाचताना कोणी रेंगाळलं की "पुढे?" हे शाळेपुरतं असतं तर ठीक. पण आळीत बातमी यावी, श्रीमंतांच्या फौजेने उत्तरेत अमकं ठाणं घेतलं, लोकांनी साखर वाटावी आणि केसोपंतांनी साखर तोंडात टाकून विचारावं, "पुढे?" सांगणाऱ्याचं तोंड एवढंसं होई. फौजेशी त्यांचं काही वाकडं नव्हतं. गोष्ट अर्ध्यावर थांबवलेली त्यांना चालत नसे, एवढंच.

मुलींना त्यांनी मुद्दाम शिकवायला घेतलं नव्हतं. बायको तापाने गेली तेव्हा त्यांची वेणू जेमतेम चालायला लागली होती. घरात दुसरं कोणी नाही. मग ती बापाच्या मांडीशी बसून राही, आणि मुलं मोठ्याने जे म्हणत ते तीही म्हणे. पाचव्या वर्षी ती पावकी, निमकी घडाघडा म्हणू लागली. मग आळीतल्या बायका म्हणायला लागल्या, वेणू बसते तर आमची का नको? शिक्षणाचं प्रेम उतू चाललं होतं असं मुळीच नाही. माझ्या आईने मला पाठवलं ते मी स्वयंपाकात पायात पायात येत होते म्हणून. अशा आम्ही पाच-सहाजणी जमलो. सासरी जाईपर्यंत कुठे तरी बसायचं, ते तिथे.

तेव्हा आम्ही मुलांमध्येच बसत होतो. ज्याची उजळणी जिथपर्यंत आली तिथे त्याने बसायचं, हा केसोपंतांचा एकच नियम. त्यामुळे माझ्या एका बाजूला वेणू असे आणि दुसऱ्या बाजूला भिकू. भिकू म्हणजे देवळाची वहिवाट पाहणाऱ्या दाजीबांचा मुलगा. तो माझ्या पाटीवरचं बघून लिही आणि मी त्याच्या कनवटीचे फुटाणे खाई. आम्हा दोघांनाही यात काही गैर वाटत नव्हतं.

गैर दाजीबांना वाटलं. एकदा ते देवदर्शन आटोपून ओवरीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "अहो पंतोजी, पोरं-पोरी एका रांगेत? समोर देव कोणता आहे ते तरी पाहा. ब्रह्मचारी आहे तो."

केसोपंत म्हणाले, "शेजारीच राहतात. अजून काही म्हणाले नाहीत."

"देव कशाला बोलेल? आम्ही बोलतोय."

ओवरी देवळाची आणि देऊळ दाजीबांच्या हातात. शाळा गेली तर डोक्यावरचं छप्परही जाणार, हे आम्हा पोरांनाही कळत होतं.

मग केसोपंतांनी सकाळी मुलं आणि दुपारी मुली अशी वाटणी केली. एकच पाठ दोनदा शिकवायचा. सकाळी पाटीवरची धूळ सारखी करून वळण काढून द्यायचं, दुपारी तेच पुन्हा. दिवेलागणीपर्यंत त्यांचा आवाज पार बसून जाई. दुपारी शिकवता शिकवता त्यांची मान खाली येई आणि डोळे मिटत. आम्ही त्यांना उठवत नव्हतो. वेणू ओठांवर बोट ठेवून खूण करी, आम्ही पाट्या उचलून पाय न वाजवता घरी पळायचो. आम्हाला मजा वाटे. एकदा मात्र ते आम्ही निघताना जागे झाले. बराच वेळ आमच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पोरांना ताजं आणि तुम्हाला उरलेलं. हे काही बरं नाही."

दुसऱ्या दिवशी आळीतल्या एका शिलेदाराच्या घरून त्यांनी एक कनात मागून आणली. स्वारीवर तंबूभोवती उभी करतात ती कापडी भिंत. ती उत्तरेतून जाऊन आली होती. तिला घोड्याचा आणि धुराचा वास येत होता आणि मध्ये एक जळकं भोक होतं. ती त्यांनी ओवरीच्या मधोमध दोरीवर टांगली. अलीकडे मुलं, पलीकडे मुली, आणि कनातीच्या टोकाशी, दोन्हीकडचं दिसेल अशा जागी, स्वतः केसोपंत. दाजीबा येऊन बघून गेले. भिंत आहे म्हटल्यावर त्यांना काही बोलता येईना.

ओवरीच्या एका अंगाला उजेड होता आणि दुसऱ्या अंगाला भिंत. आता उजेडात कोणी बसायचं? दाजीबांनी विचारलंच नाही, त्यांनी ते गृहीत धरलं होतं. केसोपंत दर पौर्णिमा-अमावास्येची सुट्टी संपली की बाजू बदलत. एक पंधरवडा आम्हाला उजेड, एक पंधरवडा मुलांना. मुलांच्या घरून तक्रार आली तेव्हा ते म्हणाले, "चंद्रालाही पंधरा दिवसच मिळतात. मी काय करू?"

त्या कनातीने त्यांची मान मात्र कायमची बिघडली. सबंध दिवस इकडे बघ, तिकडे बघ. पुढे पुढे ती आपोआप फिरायला लागली. जेवताना, जप करताना, विहिरीवर पाणी ओढताना त्यांची मान एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे. आळीतली टवाळ पोरं त्यांना "हलती मान" म्हणत. ऊन कलल्यावर त्यांना मान वळवायचाही कंटाळा येई. मग ते डोळे मिटून नुसते ऐकत. आवाजावरून त्यांना प्रत्येक पोर ओळखता येई. मी घोळक्यात नुसते ओठ हलवत असले तर डोळे मिटलेल्या केसोपंतांकडून हुकूम येई, "ठके, ओठ कशाला शिणवतेस? आवाज तरी काढ, नाहीतर झोप तरी घे."

आणि याच दिवसांत त्यांनी उजळणीची ती पद्धत काढली. कनातीच्या अलीकडे मुलांनी म्हणायचं, "बे साते?" आणि पलीकडून आम्ही म्हणायचं, "चौदा." मुलं म्हणत, "नऊ आठे?" आम्ही म्हणायचो, "बाहात्तर." अर्धी उजळणी अलीकडे आणि अर्धी पलीकडे. सगळ्यांनी एका सुरात ओरडलं की कोण काय म्हणतंय ते कोणी ऐकत नाही, असं त्यांचं म्हणणं. असंही असेल की त्यांचा घसा वाचत होता. किंवा आणखीही काही त्यांच्या मनात असेल. त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि तेव्हा विचारण्याची अक्कल मला नव्हती. पण ओवरी अशी काही घुमायची की रस्त्याने जाणारा माणूस थांबून उत्तराची वाट बघायचा. भिकूचा आवाज त्यात सगळ्यांत वर असे. तो इतक्या ऐटीत विचारायचा की जणू उत्तर चुकलं तर तोच आम्हाला शिक्षा करणार आहे.

घोटाळा झाला तो दाजीबांच्या घरी. त्यांच्याकडे साताऱ्याहून पाहुणे आले होते. जेवणं झाली, सुपारी फिरली आणि दाजीबांनी मुलाला पुढे बोलावलं. "म्हण रे, तेराचा पाढा म्हण." भिकूने हात जोडले, छाती काढली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "तेरा एके?" आणि थांबला. सगळे वाट बघतात. भिकूही वाट बघतो. दाजीबा म्हणाले, "हं, म्हण." भिकू म्हणाला, "तेरा दुणे?" आणि पुन्हा थांबला. असं करत तो बिचारा "तेरा साते?"पर्यंत आला. पाहुणे हसू दाबायला लागले. दाजीबा ओरडले, "अरे, पुढे काय?"

भिकू रडकुंडीला येऊन म्हणाला, "पुढे मुली म्हणतात."

ही हकीकत संध्याकाळपर्यंत आळीभर झाली. माझी आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. पण मग हसता हसता थांबली आणि म्हणाली, "आता त्या पंतोजींचं काही खरं नाही."

दुसऱ्या दिवशी दाजीबा आणखी दोघा गृहस्थांना घेऊन ओवरीत आले. चेहरा असा की कनात तिथेच फाडतील. म्हणाले, "माझ्या मुलाला काही येत नाही."

"येतं," केसोपंत म्हणाले. "अर्धं येतं. उरलेलं अर्धं पलीकडे आहे. आता आलाच आहात तर दोन्ही ऐका आणि मग काय ते ठरवा."

त्यांनी घोंगडी सारखी केली आणि भिकूकडे बघून मान हलवली. भिकूने वडिलांकडे पाहिलं नाही. "तेरा एके?" आम्ही पलीकडून म्हणालो, "तेरा." मग मुलं विचारत गेली आणि आम्ही सांगत गेलो. तेराचा झाला, सतराचा झाला, एकोणिसाचा झाला, साडेतिनाची औटकी झाली. कुठे अडलं नाही, कुठे चुकलं नाही. मी जळक्या भोकातून बघत होते. केसोपंतांची मान इकडून तिकडे फिरत होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली तरतरी होती. मला वाटलं, आपण जिंकलो. सहा-सात वर्षांच्या पोरीला असंच वाटणार. बरोबर उत्तर दिलं की काम झालं, अशी माझी समजूत होती.

बरोबरच्या गृहस्थांपैकी एकजण "वा!" म्हणून गेला. दाजीबांनीही मान डोलावली. मग म्हणाले, "पाठांतर उत्तम आहे. त्याबद्दल काही म्हणणं नाही. मुली उद्यापासून नकोत."

केसोपंत म्हणाले, "चुकलं काय त्यांचं?"

"चुकलं असं कुठे म्हणतोय मी?" दाजीबा म्हणाले. ते काही रागात नव्हते. तेही थकलेले वाटले. "माझा मुलगा चारचौघांत उभा राहून म्हणतो, पुढे मुली म्हणतात. हे बरं दिसतं का, तुम्हीच सांगा. तुम्हाला ओवरी हवी की नको, तेही सांगा."

केसोपंतांनी खोलीच्या दाराकडे पाहिलं. आत त्यांची दोन भांडी, एक वळकटी होती आणि वेणूचा पाळणा अजून टांगलेला होता. त्यांनी काही उत्तर दिलं नाही. दाजीबांनी तेच उत्तर समजून घेतलं आणि पायात जोडे घातले. मला त्या क्षणी केसोपंतांचा फार राग आला. आज वाटतं, त्या पोरक्या पोरीला घेऊन ते गेले असते कुठे?

ते तिघे गेल्यावर केसोपंत उठले आणि कनातीच्या टोकाशी उभे राहून म्हणाले, "दिवस अजून संपलेला नाही. आज उलटं करू. मुली विचारतील, मुलं सांगतील."

आम्हाला विचारायची सवय नव्हती. पहिल्यांदा वेणूच म्हणाली, "बे एके?" अलीकडे मुलं अडली. मुलांना उत्तरं रोज ऐकू येत होती, पण तोंडात कधी आली नव्हती. केसोपंत म्हणाले, "पुढे?" मग भिकूने हळूच सांगितलं, "बे." असं करत संध्याकाळपर्यंत त्यांनी आमच्याकडून बेपासून तिसापर्यंत सगळं विचारून घेतलं आणि मुलांकडून सांगून घेतलं. कोणी कंटाळलं तरी सोडलं नाही. त्यांचा आवाज संपला तेव्हा ते हाताने खुणा करायला लागले. त्या दिवशी प्रत्येक पोर सबंध उजळणी घेऊन घरी गेलं. केसोपंतांनी आम्हाला निरोपाचं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "उद्या येऊ नका. पाट्या घेऊन जा." आणि कनात सोडायला लागले.

माझं लग्न आठव्या वर्षी झालं. सासर नदीपलीकडे, कोथरुडास. शेतं, आमराया आणि मधूनच घरं, असं गाव. सासऱ्यांकडे गावचं कुलकर्णीपण होतं. तिथे माझं नाव बदललं. ठकूची मी लक्ष्मी झाले आणि कसब्यातली ठकू कसब्यात राहिली.

सासरे ओसरीवर शेतांची मापं मांडत बसत आणि मोठ्याने पुटपुटत. एकदा ते अडले. "तेरा साते... तेरा साते..." मी आत ताक घुसळत होते. माझ्या तोंडून गेलं, "एक्याण्णव." सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी रवी सोडून दिली. सासऱ्यांनी आकडा लिहून टाकला. पण दुसऱ्या दिवसापासून ते आपली बैठक घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी बसायला लागले. पुटपुटायचे जरा मोठ्याने आणि थांबायचे. मी सांगायची. मी सांगते हे त्यांनी कधी कबूल केलं नाही आणि मी कधी शिकले हे कधी विचारलं नाही. त्यांच्या मरणापर्यंत आमचं असंच चाललं होतं.

वेणूला वाईला दिली. पहिल्या बाळंतपणात ती गेली. ही बातमी मला वर्षाने माहेरी कळली. आई म्हणाली, "पंतोजींना निरोप सांगायला गेलेला माणूस म्हणत होता, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुढे काही विचारलं नाही."

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. धाकट्याला मारुतीच्या पायांवर घालायला सासूबाई आणि मी कसब्यात आलो होतो. देवळाच्या ओवरीत शाळा भरली होती. शिकवत होते दुसरेच कोणी तरुण पंतोजी. रांगेत सगळी मुलं. कनात नव्हती, तिची गरजच नव्हती. केसोपंत आपल्या जुन्या जागी, घोंगडी लपेटून बसले होते. डोळे गेले होते. मागची खोली कोणाच्या तरी पुण्याईने त्यांच्याकडे राहिली होती. पोरं तेराचा पाढा म्हणत होती, विचारणंही त्यांचंच आणि सांगणंही त्यांचंच. पण प्रत्येक प्रश्नाला केसोपंतांची मान भिंतीकडे, शेवटच्या दिवशी आम्ही होतो त्या बाजूला, वळत होती. तिथे कोणी नव्हतं. तिथे कोणाचे तरी जोडे ठेवले होते.

सासूबाई रस्त्यावर पोहोचल्या होत्या. मी मूल कडेवर घेऊन त्या भिंतीशी कधी गेले ते मला कळलं नाही. मुलांनी "तेरा साते" म्हटलं. त्यांना श्वास घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मी हळूच म्हणाले, "एक्याण्णव."

केसोपंतांची मान थांबली. चेहरा माझ्याकडेच होता, डोळे भलतीकडे. मग त्या बसक्या आवाजात ते म्हणाले, "हं. ठके, पुढे?"

लग्न झाल्यापासून आईखेरीज कोणी मला त्या नावाने हाक मारली नव्हती. रस्त्यावरून सासूबाईंची हाक आली, "अगं लक्ष्मी, ऊन चढतंय, चल."

मी गेले. वळणावरून मागे पाहिलं तेव्हा पोरं चौदाच्या पाढ्यापर्यंत पोहोचली होती. केसोपंतांची मान तशीच भिंतीकडे होती, आणि मी काय म्हणते त्याची ते वाट बघत होते.